अठ्ठावन्नाव्या वर्षानंतरची सेवा आणि निवृत्तिवेतन : कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५ मधील तरतुदींचे विवेचन

गोषवारा

कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५ नुसार निवृत्तिवेतनाचे नियत वय ५८ वर्षे आहे. अनेक आस्थापनांमध्ये, विशेषतः विनाअनुदानित महाविद्यालयांमध्ये, प्रत्यक्ष सेवानिवृत्ती मात्र ६० व्या वर्षी होते. या दोन वर्षांत निवृत्तिवेतन घ्यावे की लांबणीवर टाकावे, अंशदान चालू ठेवावे की थांबवावे, हे प्रश्न कर्मचाऱ्यापुढे उभे राहतात. प्रस्तुत लेखात यासंबंधीचे नियम स्पष्ट करून उदाहरणाच्या आधारे त्यांचे आर्थिक परिणाम तपासले आहेत. अंशदानाशिवाय निवृत्तिवेतन लांबणीवर टाकणे बहुसंख्य सभासदांना लाभदायक ठरत नाही, तर अंशदानासह लांबणीवर टाकण्याचा पर्याय अल्प सेवा असलेल्यांना उपयुक्त ठरू शकतो, असा निष्कर्ष त्यातून निघतो.

१. प्रस्तावना

सेवानिवृत्ती आणि निवृत्तिवेतन या दोन गोष्टी एकाच दिवशी घडतात, अशी सर्वसाधारण समजूत आहे. शासकीय सेवेच्या बाबतीत ती बहुतांशी खरी आहे. सेवा संपते त्याच्या दुसऱ्या दिवसापासून निवृत्तिवेतन सुरू होते. खाजगी क्षेत्रातील आणि विनाअनुदानित शिक्षणसंस्थांतील कर्मचाऱ्यांची स्थिती वेगळी आहे. त्यांच्या सेवेचा शेवट नियुक्तीच्या अटींनुसार ठरतो, तर निवृत्तिवेतनाचा आरंभ कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेच्या नियमांनुसार ठरतो. या दोन तारखा एक असतीलच असे नाही.

महाराष्ट्रात महाविद्यालयीन शिक्षकांचे निवृत्तीचे वय सर्वसाधारणपणे ६० वर्षे आहे. शिक्षणसंस्था १९८२ पासून कर्मचारी भविष्य निर्वाह निधीच्या कायद्याच्या कक्षेत आल्या. त्यामुळे विनाअनुदानित महाविद्यालयातील शिक्षक जर निवृत्तिवेतन योजनेचा सभासद असेल, तर तो ५८ व्या वर्षी योजनेच्या दृष्टीने निवृत्तिवेतनास पात्र होतो आणि संस्थेच्या दृष्टीने मात्र आणखी दोन वर्षे सेवेत असतो. निवृत्त झाल्यावर दुसऱ्या संस्थेत मानधनावर किंवा करारावर रुजू होणाऱ्यांनाही हाच प्रश्न पडतो. नियमांची पुरेशी माहिती नसल्यामुळे काहीजण ‘नोकरी चालू आहे तोपर्यंत निवृत्तिवेतन मिळणार नाही’ असे गृहीत धरतात. काही कार्यालये ५८ वर्षांनंतरही निवृत्तिवेतन निधीत अंशदान भरत राहतात आणि पुढे दाव्याच्या वेळी नोंदींतील तफावत दूर करण्यात महिने जातात. म्हणून हा विषय केवळ लेखाविभागाचा न राहता प्रत्येक कर्मचाऱ्याने समजून घ्यावा असा आहे.

अनुदानित महाविद्यालयांतील, जुन्या निवृत्तिवेतन नियमांखाली येणारे कर्मचारी आणि राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणालीखालील कर्मचारी यांचे नियम स्वतंत्र आहेत. त्यांचा विचार येथे केलेला नाही.

२. लेखाची उद्दिष्टे

१) ५८ वर्षांनंतर सेवेत राहणाऱ्या सभासदास लागू होणारे नियम स्पष्ट करणे.
२) उपलब्ध पर्यायांचे आर्थिक परिणाम उदाहरणासह तपासणे.
३) विलंबित निवृत्तिवेतनासाठी दिल्या जाणाऱ्या वाढीच्या दराचे मूल्यमापन करणे.

३. योजनेचे स्वरूप

१९७१ च्या कुटुंब निवृत्तिवेतन योजनेची जागा घेऊन कर्मचारी निवृत्तिवेतन योजना १६ नोव्हेंबर १९९५ पासून अस्तित्वात आली. नियोक्ता भविष्य निर्वाह निधीसाठी वेतनाच्या १२ टक्के रक्कम भरतो. त्यांपैकी ८.३३ टक्के रक्कम निवृत्तिवेतन निधीत वळवली जाते आणि उरलेली रक्कम सभासदाच्या भविष्य निर्वाह निधीच्या खात्यात जमा होते. केंद्र शासन आपल्या वतीने वेतनाच्या १.१६ टक्के रक्कम निवृत्तिवेतन निधीत घालते. यासाठी विचारात घेतल्या जाणाऱ्या वेतनाची मर्यादा १ सप्टेंबर २०१४ पासून दरमहा १५,००० रुपये करण्यात आली. त्यापूर्वी ती ६,५०० रुपये होती.

मासिक निवृत्तिवेतनाचे सूत्र असे आहे :

निवृत्तिवेतन = निवृत्तिवेतनार्ह वेतन × निवृत्तिवेतनार्ह सेवा (वर्षे) ÷ ७०

निवृत्तिवेतनार्ह वेतन म्हणजे अखेरच्या ६० महिन्यांच्या वेतनाची सरासरी होय. २०१४ च्या दुरुस्तीपूर्वी ही सरासरी अखेरच्या १२ महिन्यांची असे. ज्यांची सेवा १ सप्टेंबर २०१४ च्या आधीपासून चालू आहे, त्यांच्या बाबतीत आधीच्या कालखंडासाठी जुनी मर्यादा आणि नंतरच्या कालखंडासाठी नवी मर्यादा धरून प्रमाणशीर गणना केली जाते. मासिक निवृत्तिवेतनासाठी किमान १० वर्षांची सेवा आवश्यक आहे. सहा महिने वा त्याहून अधिक कालावधी एक वर्ष धरला जातो. ज्यांची सेवा २० वर्षे वा अधिक आहे, त्यांना सेवेत २ वर्षांची अधिक भर मिळते. २०१४ पासून किमान निवृत्तिवेतन दरमहा १,००० रुपये ठरवण्यात आले.

या योजनेचे एक वैशिष्ट्य पुढील विवेचनासाठी महत्त्वाचे आहे. येथील निवृत्तिवेतन महागाई भत्त्याशी जोडलेले नाही. एकदा निश्चित झालेली रक्कम महागाईनुसार दरवर्षी आपोआप वाढत नाही.

४. ५८ वर्षे पूर्ण झाल्यावर काय होते?

पहिली आणि सर्वांत महत्त्वाची बाब अशी की, वयाची ५८ वर्षे पूर्ण होताच सभासदास निवृत्तिवेतनाचा हक्क प्राप्त होतो आणि त्यासाठी नोकरी सोडण्याची अट नाही. सेवेत असतानाच नमुना १०-डी भरून निवृत्तिवेतनाची मागणी करता येते. वेतन आणि निवृत्तिवेतन ही दोन्ही एकाच वेळी मिळू शकतात. मात्र हे निवृत्तिवेतन आयकराच्या दृष्टीने करपात्र उत्पन्न असल्यामुळे ते वेतनात मिळवून कराचा हिशेब करावा लागतो.

याच्या उलट, ५० ते ५८ या वयात घेतल्या जाणाऱ्या मुदतपूर्व निवृत्तिवेतनासाठी योजनेखालील नोकरी सोडलेली असणे आवश्यक आहे. शिवाय ५८ पेक्षा जितकी वर्षे कमी, तितक्या प्रत्येक वर्षासाठी ४ टक्के कपात होते. २००८ पूर्वी ही कपात ३ टक्के होती. हे दोन नियम एकमेकांत मिसळल्यामुळेच ‘राजीनामा दिल्याशिवाय निवृत्तिवेतन नाही’ ही समजूत रूढ झाली असावी.

दुसरी बाब अंशदानाची. सभासदाने दुसरा पर्याय दिलेला नसेल, तर ५८ वर्षे पूर्ण झाल्यावर निवृत्तिवेतन योजनेचे सभासदत्व संपते. त्यानंतर नियोक्त्याच्या हिश्शातील ८.३३ टक्के रक्कम निवृत्तिवेतन निधीत न भरता भविष्य निर्वाह निधीतच जमा करावयाची असते. म्हणजे नियोक्त्याचा संपूर्ण १२ टक्के हिस्सा सभासदाच्या खात्यात येतो. कर्मचाऱ्याचे स्वतःचे अंशदान पूर्वीप्रमाणेच चालू राहते. ठेवसंलग्न विमा योजनेसाठीचे नियोक्त्याचे अंशदानही सेवा चालू असेपर्यंत भरावे लागते. त्यामुळे ५८ वर्षांनंतर केवळ निवृत्तिवेतनाचा भाग थांबतो. भविष्य निर्वाह निधी आणि विम्याचे संरक्षण थांबत नाही.

तिसरी बाब पुनर्नियुक्तीची. जो कर्मचारी ५८ वर्षांनंतर दुसऱ्या आस्थापनेत रुजू होतो, किंवा जो मुदतपूर्व निवृत्तिवेतन घेत असताना पुन्हा नोकरी स्वीकारतो, त्याच्यासाठी निवृत्तिवेतन निधीत अंशदान भरले जात नाही. ती रक्कम भविष्य निर्वाह निधीकडे वळते. निवृत्त प्राध्यापकांना मानधनावर नेमणाऱ्या संस्थांनी हा नियम विशेष लक्षात घ्यावा.

५. निवृत्तिवेतन लांबणीवर टाकण्याचा पर्याय

एप्रिल २०१६ मधील दुरुस्तीने सभासदास आणखी एक पर्याय दिला. ५८ वर्षे पूर्ण झाल्यावर निवृत्तिवेतन ताबडतोब न घेता ते जास्तीत जास्त वयाच्या ६० वर्षांपर्यंत पुढे नेता येते. पुढे नेलेल्या प्रत्येक पूर्ण वर्षासाठी निवृत्तिवेतनात ४ टक्के वाढ मिळते. याचे दोन प्रकार आहेत.

(अ) अंशदानाशिवाय : निवृत्तिवेतनार्ह सेवा आणि वेतन ५८ व्या वर्षी होते तेवढेच धरले जाते. लाभ केवळ ४ टक्के वाढीचा.

(ब) अंशदानासह : ५८ नंतरही ८.३३ टक्के रक्कम निवृत्तिवेतन निधीत जात राहते. या काळाची सेवा आणि वेतन गणनेत धरले जाते आणि त्यावर ४ टक्क्यांची वाढ मिळते.

६० वर्षांनंतर मात्र वाढ मिळत नाही. ६२ किंवा ६५ व्या वर्षापर्यंत सेवेत राहणाऱ्याने निवृत्तिवेतन न घेता थांबण्यात कोणताही नियमबद्ध लाभ नाही.

६. उदाहरणाद्वारे तुलना

समजा, विनाअनुदानित महाविद्यालयातील एक लिपिक १ सप्टेंबर २०१४ रोजी योजनेचा सभासद झाला आणि ३१ ऑगस्ट २०२५ रोजी त्याने ५८ वर्षे पूर्ण केली. त्याची सेवा ११ वर्षे आणि निवृत्तिवेतनार्ह वेतन १५,००० रुपये आहे. सोयीसाठी दोन वर्षांची वाढ ८ टक्के आणि रकमा पूर्णांकात धरल्या आहेत.

तक्ता १ : तीन पर्यायांतील मासिक निवृत्तिवेतन

पर्याय १ – ५८ व्या वर्षी : १५,००० × ११ ÷ ७० = २,३५७ रुपये
पर्याय २ – ६० व्या वर्षी, अंशदानाशिवाय : २,३५७ × १.०८ = २,५४६ रुपये
पर्याय ३ – ६० व्या वर्षी, अंशदानासह : १५,००० × १३ ÷ ७० × १.०८ = ३,००९ रुपये

वरवर पाहता पर्याय २ आणि ३ अधिक लाभदायक दिसतात. परंतु थांबल्यामुळे काय गमावले, हेही पाहिले पाहिजे. दोन्ही पर्यायांत सभासदाने २४ महिन्यांचे २,३५७ रुपये, म्हणजे सुमारे ५६,५७० रुपये सोडून दिलेले असतात.

पर्याय २ मध्ये मासिक वाढ सुमारे १८९ रुपये आहे. सोडलेली रक्कम या वाढीतून भरून निघण्यास ३०० महिने, म्हणजे २५ वर्षे लागतात. सभासद ८५ वर्षांचा होईपर्यंत तो तोट्यात असतो. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. हा ३०० महिन्यांचा कालावधी वेतनावर किंवा सेवेवर अवलंबून नाही. २४ महिन्यांच्या मोबदल्यात ८ टक्के, किंवा १२ महिन्यांच्या मोबदल्यात ४ टक्के, या दोहोंचा भागाकार ३०० च येतो. त्यामुळे निवृत्तिवेतन दोन हजार असो वा वीस हजार, अंशदानाशिवाय थांबणाऱ्याची भरपाई २५ वर्षांनीच होते. वेतनमर्यादेपेक्षा अधिक वेतनावर निवृत्तिवेतन मिळण्याच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२२ रोजी निर्णय दिला. त्यानुसार वाढीव निवृत्तिवेतनास पात्र ठरणाऱ्यांनाही हे गणित तसेच लागू पडते.

पर्याय ३ मध्ये मासिक वाढ ६५१ रुपये आहे. सोडलेल्या निवृत्तिवेतनाची भरपाई सुमारे ८७ महिन्यांत, म्हणजे वयाच्या ६७ व्या वर्षी होते. परंतु या पर्यायात आणखी एक खर्च दडलेला आहे. दरमहा १,२५० रुपयांप्रमाणे दोन वर्षांत ३०,००० रुपये निवृत्तिवेतन निधीत जातात. पर्याय १ निवडला असता हीच रक्कम सभासदाच्या भविष्य निर्वाह निधीच्या खात्यात जमा झाली असती. ती धरल्यास एकूण त्याग ८६,५७० रुपयांचा होतो आणि भरपाईचा कालावधी १३३ महिने, म्हणजे वयाच्या ७१ वर्षांपर्यंत जातो. सोडलेल्या रकमांवर मिळू शकणारे व्याज यात धरलेले नाही. ते धरल्यास कालावधी आणखी लांबतो.

पर्याय ३ चा लाभ पूर्वीच्या सेवेवर अवलंबून आहे. ११ वर्षांच्या सेवेत २ वर्षांची भर म्हणजे सुमारे १८ टक्के वाढ. वेतन एकसमान धरल्यास २५ वर्षांच्या सेवेत तीच भर ८ टक्के ठरते. म्हणून सेवा जितकी कमी, तितका हा पर्याय अधिक उपयुक्त. ज्यांचे वेतन मर्यादेपेक्षा कमी असून अखेरच्या वर्षांत वाढत आहे, त्यांची ६० महिन्यांची सरासरीही या दोन वर्षांत सुधारते. ज्यांचे वेतन आधीच मर्यादेला पोहोचले आहे, त्यांना हा दुसरा लाभ मिळत नाही.

अत्यल्प वेतनाच्या सभासदांसाठी स्वतंत्र विचार आवश्यक आहे. ६,००० रुपये वेतन आणि १० वर्षे सेवा असल्यास सूत्रानुसार ८५७ रुपये येतात आणि किमान रकमेच्या तरतुदीमुळे १,००० रुपये मिळतात. अंशदानाशिवाय दोन वर्षे थांबल्यास सूत्रानुसार ९२६ रुपये होतात, म्हणजे हाती पुन्हा १,००० रुपयेच येतात. अशा सभासदाने दोन वर्षांचे २४,००० रुपये कोणत्याही मोबदल्याशिवाय सोडून दिलेले असतात.

७. वाढीच्या दराचे मूल्यमापन

नमुना नोंदणी पद्धतीच्या २०१४–१८ च्या जीवनसारणीनुसार भारतात ६० व्या वर्षी शिल्लक असणारे सरासरी आयुर्मान सुमारे १८ वर्षे आहे. दोन वर्षांचे निवृत्तिवेतन १८ वर्षांत भरून काढावयाचे, तर व्याज न धरताही सुमारे ११ टक्के वाढ आवश्यक ठरते. नियमानुसार मिळते ती सुमारे ८ टक्के. निवृत्तिवेतनधारकाच्या मृत्यूनंतर पती वा पत्नीस निम्मे निवृत्तिवेतन मिळत असल्याने वाढीचा काही लाभ कुटुंबाकडे जातो आणि तफावत काही अंशी कमी होते, ती पूर्णपणे नाहीशी होते असे मात्र म्हणता येत नाही.

५८ पूर्वी निवृत्तिवेतन घेणाऱ्यास वर्षाला ४ टक्के कपात आणि ५८ नंतर घेणाऱ्यास वर्षाला ४ टक्के वाढ, ही रचना सममित दिसते. परंतु वय वाढते तसे उरलेले आयुर्मान घटते. म्हणून उशिरा घेणाऱ्यास मिळणारी वाढ ही लवकर घेणाऱ्याच्या कपातीपेक्षा अधिक असणे विमागणिताच्या दृष्टीने सुसंगत ठरले असते. समान आकडा ठेवल्यामुळे थांबणाऱ्यावर नकळत अन्याय होतो.

अन्य देशांतील तरतुदी याबाबत उद्बोधक आहेत. अमेरिकेच्या सामाजिक सुरक्षा व्यवस्थेत १९४३ वा नंतर जन्मलेल्यांना पूर्ण निवृत्तिवयानंतर लाभ लांबणीवर टाकल्यास वयाच्या ७० वर्षांपर्यंत वर्षाला ८ टक्के वाढ मिळते. १९६० वा नंतर जन्मलेल्यांसाठी पूर्ण निवृत्तिवय ६७ आहे. तेथे भरपाईचा कालावधी साडेबारा वर्षांचा येतो. ब्रिटनमध्ये ६ एप्रिल २०१६ पासून निवृत्तिवयास पोहोचणाऱ्यांना प्रत्येक नऊ आठवड्यांच्या विलंबासाठी १ टक्का, म्हणजे वर्षाला सुमारे ५.८ टक्के वाढ मिळते. तेथील कालावधी सुमारे १७ वर्षांचा आहे. दोन्ही देशांत राहणीमानाच्या खर्चानुसार वा अन्य निर्देशकानुसार लाभाची रक्कम वाढविली जाते. आपल्या योजनेत भरपाईस २५ वर्षे लागतात आणि त्या २५ वर्षांत १८९ रुपयांचे मूल्य महागाईने किती उरेल, याचा अंदाज कोणासही करता येईल. या देशांतील योजनांची आर्थिक पायाभूमी आणि तेथील आयुर्मान भिन्न आहे. त्यामुळे त्यांचा दर जसाच्या तसा स्वीकारावा असे नव्हे. विलंबाचा मोबदला वाजवी असावा, हे तत्त्व मात्र स्वीकारण्याजोगे आहे.

८. निष्कर्ष

१) ५८ वर्षे पूर्ण झाल्यावर सेवेत असतानाही निवृत्तिवेतन घेता येते. त्यासाठी राजीनाम्याची आवश्यकता नाही.

२) अंशदानाशिवाय निवृत्तिवेतन लांबणीवर टाकल्यास भरपाईस २५ वर्षे लागतात. दीर्घायुष्याची विशेष खात्री असल्याखेरीज हा पर्याय हितकारक नाही.

३) अंशदानासह लांबणीवर टाकण्याचा पर्याय ज्यांची सेवा अल्प आहे, वेतन चालू आहे आणि ज्यांना या दोन वर्षांत निवृत्तिवेतनाची निकड नाही, अशांसाठी विचारार्ह आहे. मात्र भविष्य निर्वाह निधीत न येणारी ८.३३ टक्के रक्कम हिशेबात धरूनच निर्णय घ्यावा.

४) ६० वर्षांनंतर थांबण्यात कोणताही लाभ नाही.

९. शिफारशी

१) प्रत्येक महाविद्यालयाच्या कार्यालयाने पुढील वर्षभरात ५८ वर्षे पूर्ण करणाऱ्या कर्मचाऱ्यांची यादी ठेवावी आणि त्यांना किमान सहा महिने आधी लेखी पूर्वसूचना द्यावी.

२) कर्मचाऱ्याने याच कालावधीत जन्मतारीख, नाव, पूर्वीच्या नियोक्त्यांकडील सेवेच्या नोंदी आणि कुटुंबीयांचे तपशील तपासून घ्यावेत. आधीच्या संस्थेतील सेवा जोडली गेली नसल्यास दहा वर्षांची अटच पूर्ण होत नाही, आणि मासिक निवृत्तिवेतनाऐवजी एकरकमी परताव्यावर समाधान मानावे लागते.

३) लांबणीवर टाकण्याचा पर्याय दिलेला नसल्यास ५८ वर्षांनंतर निवृत्तिवेतन निधीतील अंशदान थांबवून ते भविष्य निर्वाह निधीकडे वळवल्याची खात्री लेखाविभागाने आणि कर्मचाऱ्यानेही करावी.

४) धोरणात्मक पातळीवर विलंबित निवृत्तिवेतनाच्या वाढीचा दर आयुर्मानाच्या अद्ययावत सारण्यांच्या आधारे पुन्हा ठरविला जावा.

अधिक काळ काम करण्याची तयारी असलेल्या कर्मचाऱ्यास प्रोत्साहन द्यावे, हा २०१६ च्या दुरुस्तीमागील हेतू स्तुत्य होता. परंतु सध्याच्या दरात अंशदानाशिवाय थांबणारा सभासद निधीला हातभार लावतो आणि त्याला स्वतःला त्याचा पुरेसा मोबदला मिळत नाही. निवड कर्मचाऱ्याची असली, तरी ती माहितीच्या आधारे व्हावी ही जबाबदारी संस्थेचीही आहे. विनाअनुदानित संस्थांतील ज्या कर्मचाऱ्यांची उतारवयातील एकमेव नियमित प्राप्ती म्हणजे हे अडीच-तीन हजार रुपये होत, त्यांच्या बाबतीत ही जबाबदारी अधिकच मोठी ठरते.